विस्तव

परवानगीच्या कागदावर सहा सह्या आहेत.
सातवी जागा अंगठ्यासाठी.
आबा तिकडे बघतही नाहीत.
वाकून गवताची एक काडी उपटतात,
दाढेखाली चावतात, थुंकतात.
"मुळाशी ओल आहे अजून. उद्या. उन्हं कलली की."
माझ्या हातातलं यंत्र हवेतली ओल आकड्यात सांगतं,
तो आकडा मी तक्त्यात भरते.
चावलेल्या काडीसाठी तक्त्यात रकाना नाही.

याबेलोच्या दक्षिणेला हे कुरण.
कुरण म्हणायचं ते जुन्या सवयीनं;
काटेरी बाभळी खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत,
आणि त्यांच्या सावलीत गवत धरत नाही.
आत शिरलेली गाय कातडं ओरबाडून घेऊन येते,
कानामागे गोचिडांचे घोस.
झेब्रे कधी गेले, कुणीच पाहिलं नाही.
आधी खुरांचे ठसे गेले, मग लीद,
मग मुलांच्या बोलण्यातून त्यांचं नाव.

आबा तरणे होते तेव्हा शहरातून फर्मान आलं,
रान पेटवील तो तुरुंगात जाईल.
त्या वर्षीही त्यांनी पेटवलं.
एका काडीचे चार महिने भोगून
हलाके दुलाचा परत आला, तेव्हा
विहिरीवर कुणी काही विचारलं नाही.
फक्त पाळी दुसऱ्याची असताना
पाणी आधी त्याच्या गाईंना पाजलं.
तेव्हापासून सरकार आणि कुरण यांच्यात
विस्तव जात नव्हता.

आणि मी? मी त्याच सरकारची पोर.
खिशावर बिल्ला, पायात कंपनीचे बूट.
शिकून आले ते हेच, की आबांचं बरोबर होतं.
हे सांगायला मला इंग्रजीतली तीन पुस्तकं लागली.
त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी, तीनच्या पुढे,
खरवडलेल्या पट्ट्यावर माणसं ओली पोती घेऊन उभी.
पाण्याच्या गाडीत डोयो, इंजिन चालूच.
मी तेलाची मशाल आबांपुढे धरली,
नळीतून पेटते थेंब गाळणारी, नवीकोरी.
त्यांनी ती उलटसुलट पाहिली, जमिनीवर ठेवली.
"तुमे," त्यांनी वहिनीला हाक मारली, "चुलीतलं आण."

सकाळी जिच्यावर लोण्यात कॉफीची फळं तळली
त्या चुलीतला निखारा, खापरात.
तुमेनं तो माझ्या हातात दिला, मी आबांच्या.
खापर तापलं होतं. बोटं पोळली.
नियमात हे बसत नव्हतं.

आधी वाऱ्याच्या उलट,
रांगत्या पोरासारखी, थांबत, चाचपत,
मागे काळी किनार सोडत आली आग.
किनार रुंद झाली तेव्हा आबा वळसा घालून गेले
आणि वाऱ्याच्या पाठीवर दुसरी सोडली.
तिला मात्र कुणी पोर म्हणालं नसतं.
बाभळींचे काटे बंदुकीसारखे फुटत होते,
धुराच्या कडेला नीळकंठ सूर मारत होते
पळणाऱ्या टोळांवर.
आबा खोकत होते, हसत होते, मला कळेना कुठलं कुठलं.

सकाळी राखेत एक कासव सापडलं.
ते मी नोंदवलं. आबांनी ते उचलून
पट्ट्याच्या पलीकडे, न जळलेल्या गवतात नेऊन ठेवलं,
मेलेलं होतं तरी.

पाऊस उशिरा आला. एकवीस दिवस
वरच्या कचेरीतून रोज एकच प्रश्न: परिणाम काय?
मी लिहीत होते: काळं.
सातवी जागा अजून रिकामी आहे.

बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी
तुमेचा जिलो धावत आला.
कोंब बोटभर उंच झालेत, हे त्याला सांगायचंच नव्हतं.
ओल्या राखेत खुरांचे ठसे होते, चार, मग आणखी चार,
आणि तो आबांना विचारत होता,
"एवढ्या लांब
हे कुणाचं गाढव आलं?"